शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, असं धरू नका: उपकेंद्रातून आतड्याच्या कॅन्सरची तपासणी कशी घडवून आणावी

नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी, एएनएम, गटप्रवर्तक आणि आशा ताई यांच्यासाठी हे लिहिते आहे. बीड-धाराशिवच्या सीमेवरच्या गावांत काम करताना मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे जे रुग्ण पाहिले, ते बहुतेक उशिरा कळलेले. वर्ष-दोन वर्षं मूळव्याधीची औषधं चाललेली, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं. यातले बरेचजण या ना त्या दवाखान्यात जातच होते. शौचाबद्दल त्यांना नीट विचारलंच नव्हतं कुणी.

न विचारण्याला कारण आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तीन कॅन्सरसाठी तपासणी होते: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. मोठं आतडं त्यात नाही. त्यामुळे रजिस्टरला रकाना नाही, मासिक अहवालात आकडा नाही, बैठकीत कुणी जाब विचारत नाही. हे काम वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत घेऊन आपणच उभं करायचं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. म्हणून विष्ठेतलं न दिसणारं रक्त शोधायची किट घरोघरी सरसकट वाटत सुटावं, असं मला वाटत नाही. आधी लक्षणं असलेल्यांना शोधा, मग ज्यांच्या घरात कुणाला हा आजार झालाय त्यांना, आणि हात मोकळे असतील तर पन्नाशीपुढच्या बाकीच्यांना.

१. सगळ्यात आधी शेवटची पायरी पक्की करा

किट मागवण्याआधी एक प्रश्न सोडवा: चाचणी पॉझिटिव्ह आली तर या माणसाची कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघण्याची तपासणी, कुठे होणार? याचं उत्तर नसेल तर किट वाटू नका. पॉझिटिव्ह सांगून माणसाला तसंच घरी बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्या भागात छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही मोठी ठिकाणं. कॅन्सरचं निदान झालं की संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि परंडा, भूम, वाशीकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय जवळ पडतं. तुमच्या गावाला जे सोयीचं असेल तिथे एकदा स्वतः फोन करा किंवा जाऊन या आणि एवढं विचारून ठेवा:

- कोलोनोस्कोपी कोणत्या वारी होते, आणि नंबर किती दिवसांनी मिळतो
- आधी सर्जरीच्या ओपीडीत दाखवायचं की मेडिसिनच्या
- पोट साफ करायचं औषध दवाखान्यातून मिळतं की बाहेरून आणावं लागतं
- लांबून येणाऱ्याला आदल्या दिवशी भरती करून घेतात का
- बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट कुठल्या खिडकीवर आणि किती दिवसांनी मिळतो

पैशाबाबत एक गोंधळ नेहमी होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे असल्यामुळे त्या निर्णयात नव्हती. तिथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे शासकीय दर विचारून मगच रुग्णाला आकडा सांगा. ‘सगळं फुकट आहे’ असं सांगून पाठवलेला माणूस खिडकीवर पैसे मागितले की माघारी फिरतो, आणि पुन्हा आपल्या शब्दावर जात नाही.

२. तपासणी कुणाची आणि थेट निदान कुणाचं, हे वेगळं करा

नव्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. विष्ठेतलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी ज्यांना काहीच त्रास नाही अशांसाठी असते. ज्याला डोळ्यांनी रक्त दिसतंय, त्याला किट देऊन काय शोधणार? शिवाय त्याची चाचणी निगेटिव्ह आली तर तो निर्धास्त होतो, आणि आजार आत वाढत राहतो.

पुढच्यांपैकी काहीही असेल तर किट नाही, थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे:

- शौचातून रक्त, वय कितीही असो
- शौचाची नेहमीची सवय बदलून तीन-चार आठवडे झाले: कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब
- जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं न वाटणं, सारखी कळ येणं, आव पडत राहणं
- कारण नसताना वजन उतरणं
- पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत रक्त कमी होणं

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. आपल्या भागात बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं रोजचं झालंय की लोहाच्या गोळ्या देऊन आपण पुढच्या रुग्णाकडे वळतो. तरुण बाईत पाळी, बाळंतपणं, जंत, खाणं ही कारणं असतातच. पण साठीच्या आजीचं किंवा पंचावन्नच्या काकांचं रक्त कमी झालं तर ते कुठून जातंय, हा प्रश्न विचारायलाच हवा. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडं थोडं झिरपतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि रुग्ण सांगतो ते फक्त ‘चालताना दम लागतो’. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून काही ठरवू नका. गोळ्या कधीपासून चालू आहेत ते आधी विचारा.

वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवताना चिठ्ठीवर ‘गुदद्वाराची बोटाने तपासणी व्हावी’ असं स्पष्ट लिहा. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. तपासणीला दोन मिनिटं आणि एक हातमोजा लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी हीच राहून जाते. रुग्ण बाई असेल तर तपासणीच्या वेळी तिच्याजवळ थांबा.

लक्षणं नसलेल्यांत ज्यांच्या सख्ख्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झालाय ते पहिले (त्यांची कोलोनोस्कोपी कोणत्या वयात, ते शेवटी लिहिलंय), पन्नाशी ओलांडलेले त्यानंतर. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षी सुरुवात करायला सांगतात. आपल्या मनुष्यबळात मी पन्नाशीच धरते.

३. बोलायचं कसं

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘कॅन्सरची तपासणी करायची आहे’ असं म्हणून सुरुवात करू नका. बीडमध्ये तर नकोच. गर्भपिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, अशी भीती घालून ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, इतकं ते प्रकरण मोठं होतं. त्या बायका आपल्याच ओपीडीत येतात. कॅन्सर हा शब्द त्यांनी आधी एकदा ऐकलाय, आणि त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजलीय. आपण पुन्हा त्याच भीतीचा वापर केला तर त्यांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून माझा नियम: भीती दाखवून एकही नमुना घ्यायचा नाही. माणूस ‘नको’ म्हणाला तर वहीत तसं लिहायचं आणि दोन महिन्यांनी पुन्हा साध्या शब्दांत विचारायचं.

बीपी मोजताना, शुगरच्या गोळ्या देताना, सहज विचारता येतं. पट्टा दंडाला गुंडाळलेला असतो, माणूस बसलेला असतो, दोन मिनिटं हातात असतात.

“मामा, परसाकडला साफ होतंय का रोज?”

“होतंय की. जरा कुथावं लागतंय.”

“कधी रक्त-बिक्त दिसतंय का?”

“ते काय, मूळव्याध हाय ना जुनी. उष्णतेनं पडतंय अधनंमधनं.”

“मूळव्याध असंल बी. पण कुण्या डॉक्टरनं आतून बघून सांगितलं का?”

या शेवटच्या प्रश्नावर बहुतेकजण गप्प होतात. कुणीच बघितलेलं नसतं. शेजाऱ्याने सांगितलं, मेडिकलवाल्याने मलम दिलं, किंवा रस्त्याकडेच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ वाचून इंजेक्शन घेतलं. त्यांच्या समजाला खोटं ठरवत बसू नका. मूळव्याध खरीच असू शकते, आणि मूळव्याध असलेल्या माणसाच्या आतड्यात गाठही असू शकते. ‘एकदा बघून घेऊ, मूळव्याधच निघाली तर तिचाही नीट इलाज करू’ असं म्हटलं की माणूस तयार होतो.

शब्द त्यांचेच वापरा: परसाकड, संडास, आव, कळ. ‘मलविसर्जन’ म्हटलं की समोरचा नुसती मान डोलावतो. म्हाताऱ्या आजीशी आशा ताईने बोलावं, सून समोर नसताना. पुरुषांशी, विशेषतः जेष्ठांशी, आरोग्यसेवक पुरुषाने बोललं तर बरं. सुनेला त्रास असेल तर तिला एकटीला गाठा, पण दवाखान्यात पाठवायचं ठरलं की सासूला विश्वासात घ्या. गाडीभाडं आणि घरचं काम या दोन्हींचा निर्णय बऱ्याच घरांत तिच्याकडे असतो.

‘आपले लोक असल्या तपासणीला येत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर त्यांना आपल्याच धाराशिवचं उदाहरण सांगा. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. तिशी ते साठीच्या आतल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला, आणि २००९ मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष जगभर वाचला गेला. शेतातून येऊन, साडी सावरत, अवघड तपासणीला तयार झालेल्या आपल्याच मावश्या-काकू होत्या त्या.

४. नमुना घ्यायला शिकवा

चाचण्या दोन प्रकारच्या. जुनी ग्वायॅक पद्धतीची आणि नवी एफआयटी, जी फक्त माणसाचं रक्त ओळखते. जुन्या चाचणीआधी तीन दिवस मटण, मुळा, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने लागतात. एफआयटीला पथ्य नाही आणि एरवी एकच नमुना पुरतो. मिळत असेल तर एफआयटीच घ्या. जपानमध्ये १९९२ पासून देशभर तीच वापरतात.

किट हातात देताना तोंडी सांगून भागत नाही. एक किट उघडून काडी बाहेर काढून दाखवा. आपल्याकडे भारतीय बैठकीचा संडास असतो आणि शौच थेट पाण्यात जातं, किंवा माणूस अजूनही शेतात जातो. म्हणून असं सांगा:

- संडासच्या भांड्यात कोरड्या कागदाची जाड घडी किंवा आइस्क्रीमचा रिकामा, धुऊन वाळवलेला डबा ठेवा. शौच त्यात व्हावं, पाण्यात नको.
- लघवी आधी वेगळी करून घ्या. नमुन्यात लघवी मिसळू नये.
- काडीचं टोक शौचाला चार-पाच वेगवेगळ्या जागी टोचा. टोकाच्या खाचा भरल्या की पुरे. जास्त घेतलं तर चाचणी बिघडते.
- काडी नळीत घालून झाकण टक्क वाजेपर्यंत दाबा. पुन्हा उघडू नका.
- नळीवर नाव आणि तारीख लिहा. लिहिता येत नसेल तर आशा ताई आधीच नाव लिहून देईल.
- पाळी चालू असताना, लघवीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नका.

उन्हाळ्याचं विसरू नका. उष्णतेने नमुन्यातलं रक्त खराब होतं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बहुतेक किट ३० अंशांच्या आत ठेवायची असतात, तरी खोक्यावरचं तापमान वाचाच. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या दिवसांत किट देऊच नका, किंवा सकाळचा नमुना त्याच सकाळी माठाजवळच्या सावलीतून थेट उपकेंद्रात येईल अशी सोय करा. आणि लसीच्या आयएलआरमध्ये नमुने किंवा किट ठेवायची नाहीत, कितीही मोह झाला तरी. तो फ्रीज फक्त लसींचा.

नळीतला नमुना कार्डावर टाकून करायची चाचणी वाचताना ‘सी’ समोर रेघ उमटली नाही तर चाचणी बाद, नवं कार्ड घ्या. ‘टी’ समोर फिकट रेघ असली तरी ती पॉझिटिव्हच. खोक्यावर दिलेल्या मिनिटांनंतर वाचू नका.

५. निकाल सांगताना

पॉझिटिव्ह निकाल फोनवर सांगू नका, घरी जा किंवा बोलावून घ्या. पहिलं वाक्य हे: “रक्त सापडलंय, पण बहुतेकांना यातून कॅन्सर निघत नाही. कुठून येतंय ते आतून बघावं लागेल.” हे खरं आहे. मूळव्याध, सूज, साधे पॉलिप यांनीही चाचणी पॉझिटिव्ह येते. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची लहान गाठ. काही पॉलिपचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तो कोलोनोस्कोपीतच काढून टाकता येतो. मला या तपासणीबद्दल एवढी तळमळ वाटते ती या एका गोष्टीमुळे: इथे आजार लवकर सापडतो एवढंच नाही, तो होण्याआधीच थांबवता येतो.

पॉझिटिव्ह आल्यावर ‘खात्रीसाठी पुन्हा एकदा करून बघू’ म्हणून दुसरं किट देणं हा मोठा सापळा आहे. दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली खोटी ठरत नाही. गाठीतून रोज रक्त येतंच असं नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कोलोनोस्कोपी, आणि तीही शक्यतो तीन महिन्यांच्या आत.

निगेटिव्ह आलेल्याला ‘काही नाही’ म्हणून सोडू नका. एका चाचणीत सगळं पकडलं जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि मधे त्रास झाला तर चाचणीची वाट न बघता लगेच.

६. कोलोनोस्कोपीची तयारी

दवाखान्याने दिलेली सूचना हीच अंतिम. आपलं काम तिचा अर्थ लावून देणं. आदल्या दोन-तीन दिवसांपासून बिया आणि चोथा बंद: पेरू, टोमॅटो, भेंडी, पालेभाज्या, कारळ्याची आणि जवसाची चटणी. आदल्या दिवशी पातळच: भाताची पेज, वरणाचं वरचं पाणी, नारळपाणी, लिंबू सरबत. लाल रंगाचं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. मग पोट साफ करायची पावडर साधारण दोन लिटर पाण्यातून, दवाखाना सांगेल त्या वेळी.

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नका. किडनीचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर ते चिठ्ठीवर ठळक लिहा.

आता प्रत्यक्ष अडचण. औषध घेतल्यावर माणूस रात्रभर दहा-पंधरा वेळा संडासला जातो. घरात संडास नसेल, टँकरचं पाणी असेल, सकाळी पहिली एसटी पकडून तीन तास प्रवास असेल, तर ही तयारी होणं अशक्य. अशा माणसाला आदल्या दिवशी भरती करून घेण्याची विनंती चिठ्ठीतच करा, नाहीतर शहरात राहणाऱ्या नातेवाइकाकडे तयारी करायला सांगा. पोट साफ नसलं की तपासणी रद्द होते, आणि दुसऱ्यांदा आणणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

गुंगीचं औषध देतात, म्हणून सोबत एक धडधाकट माणूस हवाच. तपासणी साधारण अर्ध्या तासाची.

७. कागदपत्रं

पाठवण्याच्या आदल्या दिवशी एका पिशवीत हे भरून घ्या:

- आधार कार्ड, मूळ आणि दोन झेरॉक्स
- रेशनकार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर ते
- वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही-शिक्क्याची संदर्भ चिठ्ठी
- हिमोग्लोबिन, शुगर, एफआयटीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं
- चालू असलेला मोबाइल नंबर, स्वतःचा आणि एका नातेवाइकाचा

नावातला फरक आधीच तपासा. आधारवर ‘कोंडिबा’ आणि रेशनकार्डावर ‘कोंडीराम’ असेल, किंवा सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी अडते. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन योजनेत बसतं, पण त्यासाठी बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. तो रिपोर्ट घेतल्याशिवाय रुग्णाला गावी परतू देऊ नका, किंवा आणायला कोण जाणार ते त्याच दिवशी ठरवा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

८. वही आणि हंगाम

एक साधी दोनशे पानी वही करा. नाव, वय, वस्ती, किट दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, निकाल, कोलोनोस्कोपी झाली का, पुढची तारीख. आठवड्यातून एकदा फक्त रिकामे रकाने बघा आणि त्यांनाच फोन करा. किट नेऊन परत न देणारे बरेच असतात. बहुतेकांना नमुना घ्यायची लाज वाटते किंवा नळी कपाटात राहून जाते. एक फोन किंवा आशा ताईची एक फेरी पुरते.

ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीला निघतात ती पाडव्याच्या आसपास परततात. परतल्यावर लगेच ऊन. म्हणून आमचा हंगाम पेरणी उरकल्यापासून दसऱ्यापर्यंतचा. पोळ्याच्या आत किट परत आली तर पॉझिटिव्ह आलेल्याची कोलोनोस्कोपी टोळी निघायच्या आत होते. उशीर झालाच तर मुकादमाचा आणि कारखान्याच्या गावाचा नंबर वहीत लिहून घ्या. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस मधेच येऊ शकत नाही, पण कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी चालते.

वहीच्या शेवटी एक पान वेगळं ठेवा. ज्या घरात हा कॅन्सर निघाला, त्या रुग्णाची सख्खी भावंडं आणि मुलं यांची नावं त्यावर लिहा. त्यांची कोलोनोस्कोपी ४० व्या वर्षी, किंवा रुग्णाला ज्या वयात निदान झालं त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. बापाला ४५ व्या वर्षी निदान झालं असेल तर मुलाचं वर्ष ३५ वं. तारीख काढून नावासमोर लिहून ठेवा, आणि बदली झाली तर ती वही नव्या माणसाच्या हातात द्या.